रेसिंग ड्रायव्हर मार्केटिंगमध्ये आणि कॉमेंट्री बॉक्समध्ये कसा पोचतो? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

फॉर्म्युला वन पाहणारा मराठी प्रेक्षक गेल्या काही वर्षांत खूप वाढला. त्याच्यासोबत प्रश्नही वाढले. हा समालोचक पूर्वी कोणती गाडी चालवायचा? मॅक्लारेन संघाचा प्रमुख एकेकाळी स्वतः रेसर होता म्हणतात, ते खरं का? आपल्या मुलाला कार्टिंगचं, म्हणजे छोट्या उघड्या गाड्यांच्या शर्यतींचं, वेड आहे, पण ड्रायव्हर नाही झाला तर पुढे काय? पुन्हा पुन्हा येणाऱ्या अशा प्रश्नांची उत्तरं इथे एकत्र दिली आहेत. माझं मत जिथे आहे तिथे ते मत म्हणूनच वाचावं.

करुण चंडोक शर्यतीतून टीव्हीवर कसा पोचला?

चेन्नईच्या चंडोक घरात मोटरस्पोर्ट तिसऱ्या पिढीत आलं. आजोबा इंदू चंडोक मद्रास मोटर स्पोर्ट्स क्लबच्या संस्थापकांपैकी एक. वडील विकी चंडोक स्वतः रॅली ड्रायव्हर आणि पुढे एफएमएससीआय या देशातल्या मोटरस्पोर्टच्या शिखर संस्थेचे अध्यक्ष. करुणचा जन्म १९ जानेवारी १९८४ चा. २००६ मध्ये त्याने फॉर्म्युला रेनो व्ही-सिक्स आशियाचं विजेतेपद मिळवलं. त्यानंतर जीपी-टूमध्ये २००७ ला स्पा आणि २००८ ला हॉकेनहाइम इथे एकेक शर्यत जिंकली. जीपी-टू म्हणजे तेव्हाची फॉर्म्युला वनच्या खालची पायरी, आणि तिथे जिंकणं ऐऱ्यागैऱ्याचं काम नव्हतं.

२०१० मध्ये त्याला एचआरटी या नव्या स्पॅनिश संघात जागा मिळाली. बहारीनमधला त्याचा पहिला शनिवार मुद्दाम सांगण्यासारखा आहे. सरावाच्या तिन्ही सत्रांत त्याची गाडी गॅरेजबाहेर पडलीच नाही, कारण मेकॅनिक ती अजून जोडत होते. गाडी ट्रॅकवर उतरली ती थेट पात्रता फेरीत. म्हणजे त्या गाडीतला त्याच्या आयुष्यातला पहिला लॅप जगभरच्या टीव्हीवर थेट दिसला. रविवारी तो दुसऱ्याच लॅपला भिंतीवर आदळला. पण त्यापुढच्या दोन शर्यतींत, ऑस्ट्रेलियात १४ वा आणि मलेशियात १५ वा येत, त्याने गाडी शेवटपर्यंत नेली. त्या वर्षीच्या एचआरटीमध्ये एवढं जमवणं म्हणजे खरी कमाई होती. दहा शर्यतींनंतर त्याच्या जागी साकोन यामामोतो आला. २०११ मध्ये लोटस संघाकडून जर्मनीत आणखी एक शर्यत मिळाली. एकूण ११.

त्याने गाडी शोधणं सोडलं नाही. २०१२ मध्ये फ्रान्समधल्या ल मान्सच्या २४ तासांच्या शर्यतीत उतरणारा तो पहिला भारतीय ठरला आणि त्याची गाडी सहावी आली. २०१४ मध्ये फॉर्म्युला ई ही इलेक्ट्रिक गाड्यांची मालिका सुरू झाली तेव्हा तो महिंद्राच्या गाडीत होता आणि बीजिंगच्या अगदी पहिल्या शर्यतीत पाचवा आला. याच वर्षांमध्ये बोलण्याचं कामही सुरू होतं. २०१६ ते २०१८ चॅनल फोर आणि २०१९ पासून स्काय स्पोर्ट्स, या दोन ब्रिटिश वाहिन्या. एक दार बंद झालं म्हणून दुसरं ठोठावलं असा हा प्रकार नाही. दोन्ही कामं बराच काळ शेजारी शेजारी चालली आणि हळूहळू एकाचं पारडं जड झालं.

फक्त ११ शर्यती! एवढ्यावर तज्ज्ञ म्हणवून घ्यायचं?

हा प्रश्न आला की मार्टिन ब्रंडलचं नाव घ्यावं. फॉर्म्युला वनमध्ये १५८ शर्यती, ९ वेळा पहिल्या तिघांत, आणि विजय एकही नाही. तरीही १९९७ मध्ये तो ब्रिटनच्या आयटीव्हीवर मुख्य समालोचक मरे वॉकर यांच्या शेजारी बसला आणि आजवर इंग्रजी समालोचनात त्याच्या तोडीचा ड्रायव्हर सापडलेला नाही. त्याच वर्षी सिल्व्हरस्टोनला त्याने शर्यतीआधी मायक्रोफोन घेऊन ग्रिडवर, म्हणजे सुटण्यासाठी रांगेत उभ्या गाड्यांमधून, चालत लोकांना गाठायला सुरुवात केली, आणि ती फेरी आज शर्यतीइतकीच आवडीने पाहिली जाते.

माझं मत स्पष्ट आहे. वेगवान गाडी मिळालेल्या माणसापेक्षा हळू गाडी मिळालेला माणूस जास्त विचार करतो. पुढचा दोन दशांश सेकंदांनी वेगवान का पळतोय, हे त्याला रोज रात्री डेटा उघडून शोधावं लागतं. कॉमेंट्री बॉक्समध्ये त्याच सवयीचा उपयोग होतो. अर्थात हा काही नियम नव्हे. १९७६ चा विश्वविजेता जेम्स हंट १९९३ मध्ये मरण पावेपर्यंत बीबीसीवर बोलत होता आणि त्याच्यासारखं परखड नंतर कोणी बोललं नाही.

मुळात ड्रायव्हरला मार्केटिंग येतं कुठून?

लहानपणापासून करावं लागतं, म्हणून येतं. हा खेळ महागडा आहे. क्रिकेटमध्ये चांगला खेळणारा मुलगा निवड समितीच्या नजरेत आला की पुढचा खर्च कोणीतरी उचलतं. रेसिंगमध्ये निवड झाली तरी पैसे आपणच आणायचे असतात. टायर, इंधन, मेकॅनिक, एन्ट्री फी, परदेशातलं राहणं. बाराव्या-तेराव्या वर्षी मुलगा वडिलांसोबत एखाद्या कंपनीच्या ऑफिसात बसतो, आपली फाइल पुढे सरकवतो आणि ‘तुम्ही माझ्या हेल्मेटवर का यावं’ हे सांगतो. दहापैकी नऊ ठिकाणी ‘कळवतो’ एवढंच उत्तर मिळतं. दहाव्या ठिकाणी तो सुधारलेला असतो.

हे आजचं नाही. १९६८ मध्ये लोटसने आपल्या गाड्यांचा पारंपरिक हिरवा रंग काढून सिगारेट कंपनीचा लाल-सोनेरी रंग चढवला, आणि त्यानंतर फॉर्म्युला वनच्या पैशाचं गणितच बदललं. त्या काळातल्या ड्रायव्हरांपैकी हे सगळ्यात आधी ओळखलं ते स्कॉटलंडच्या जॅकी स्ट्यूअर्ट यांनी. तीन विश्वविजेतेपदं (१९६९, १९७१, १९७३), २७ विजय. मार्क मॅकॉर्मॅक यांच्या आयएमजी या खेळाडूंचे व्यवहार पाहणाऱ्या कंपनीकडे त्यांनी आपले व्यवहार सोपवले. रोलेक्सशी त्यांचं नातं १९६८ पासूनचं, फोर्डशीही अनेक दशकांचं. अमेरिकेत एबीसी वाहिनीवर ते वर्षानुवर्षं समालोचन करत राहिले.

यातली थक्क करणारी गोष्ट अशी की स्ट्यूअर्ट यांना डिस्लेक्सिया आहे, आणि त्याचं निदान झालं चाळिशी ओलांडल्यावर. वाचताना अडखळणारा माणूस बोलण्याच्या धंद्यात जगप्रसिद्ध झाला. पुढे १९९७ मध्ये त्यांनी मुलासोबत स्वतःचा फॉर्म्युला वन संघ शर्यतीत उतरवला, एचएसबीसीसारखे प्रायोजक आणले आणि १९९९ मध्ये नुरबुर्गरिंगला तो संघ जिंकला. फोर्डने तो विकत घेऊन जॅग्वार केला. २००५ पासून तोच संघ रेड बुल आहे.

प्रायोजक नक्की काय विकत घेतो? गाडीवरची जागाच ना?

जागा हे फक्त निमित्त. आपल्याकडे गणपती मंडळाच्या कमानीवर पेढीवाला जाहिरात देतो ती गिऱ्हाईक वाढावं म्हणून कमी आणि मंडळाशी, गल्लीशी नातं राहावं म्हणून जास्त. मोटरस्पोर्टमध्ये हेच फार मोठ्या प्रमाणावर चालतं. बँक किंवा सॉफ्टवेअर कंपनी आपल्या बड्या ग्राहकांना शर्यतीला आणते, गॅरेज दाखवते, ड्रायव्हरशी दहा मिनिटं गप्पा घडवते, दुपारी जेवायला बसवते. करार होतात ते त्या जेवणावर. शिवाय एकाच संघाचे दोन प्रायोजक एकमेकांचे ग्राहक होऊ शकतात. ती गाठ घालून देणं हा संघाच्या मार्केटिंगवाल्यांचा मोठा भाग.

इथे ड्रायव्हरचा उपयोग कळतो. पाहुण्यांना ब्रेकिंगबद्दल, भीतीबद्दल, पावसातल्या पहिल्या कोपऱ्याबद्दल जो अनुभवाने सांगू शकतो, त्याला कोणी विक्रेता समजत नाही. ऐकणारे खुर्ची पुढे ओढून बसतात.

जुन्या पिढीतलं उदाहरण गाय एडवर्ड्सचं. १९७६ मध्ये नुरबुर्गरिंगला निकी लाउडाला जळत्या गाडीतून बाहेर ओढणाऱ्या चार ड्रायव्हरांपैकी तो एक. ड्रायव्हर म्हणून त्याची कारकीर्द साधारणच राहिली, पण प्रायोजक आणण्यात त्याचा हात धरणारा कोणी नव्हता. जॅग्वारच्या स्पोर्ट्स कार संघाला सिल्क कट या सिगारेटचा पैसा त्यानेच मिळवून दिला. त्याच जांभळ्या-पांढऱ्या जॅग्वारमधून ब्रंडलने १९९० मध्ये ल मान्स जिंकलं.

मॅक्लारेनचे झॅक ब्राऊन खरंच रेसर होते का?

होते, आणि त्यांची सुरुवातही विक्रीनेच झाली. १९७१ मध्ये लॉस एंजेलिसला जन्म. किशोरवयात टीव्हीवरच्या एका शब्दखेळाच्या कार्यक्रमात त्यांनी घड्याळं जिंकली, ती विकली आणि कार्ट घेतलं. पुढे युरोपात छोट्या फॉर्म्युला गाड्या चालवल्या. स्वतःसाठी प्रायोजक शोधता शोधता लक्षात आलं की आपण गाडी चालवण्यापेक्षा प्रायोजक शोधण्यात जास्त तरबेज आहोत. १९९५ मध्ये इंडियानापोलिसला त्यांनी जेएमआय ही मोटरस्पोर्ट मार्केटिंग कंपनी काढली. ती वाढत वाढत या क्षेत्रातली सगळ्यात मोठी झाली आणि २०१३ मध्ये ब्रिटनच्या चाइम समूहाने विकत घेतली.

२०१६ च्या अखेरीस ते मॅक्लारेनमध्ये आले आणि २०१८ मध्ये सीईओ झाले. तेव्हाची मॅक्लारेन आठवते? गाडी मागे आणि अंगावर मोठं नाव नाही. ब्राऊन यांनी आधी जुना पपई रंग परत आणला. मग प्रायोजक आले, पैसा आला, विंड टनेल उभा राहिला, चांगले इंजिनिअर आले. २०२४ मध्ये संघाने १९९८ नंतरचं पहिलं कन्स्ट्रक्टर्स, म्हणजे संघांचं, विजेतेपद मिळवलं आणि २०२५ मध्ये ते राखलं. श्रेय अर्थातच एकट्याचं नाही. शर्यतीचा संघ सांभाळणारे आंद्रेआ स्टेला आणि त्यांच्या इंजिनिअरांनी गाडी वेगवान केली. पण वेगवान गाडी बनवायला लागणारी माणसं आणि यंत्रं पैशाने येतात आणि तो पैसा एका जुन्या रेसरच्या बोलण्याने आला.

मार्केटिंग आणि प्रसारण, दोन्ही एकाच माणसाने केल्याचं चांगलं उदाहरण कोणतं?

डेव्हिड कूलथर्ड. माझ्या दृष्टीने सगळ्यात पूर्ण उदाहरण.

स्कॉटलंडमधल्या ट्विनहोम या छोट्या गावचा मुलगा. १९९४ मध्ये आयर्टन सेना या ड्रायव्हरच्या मृत्यूनंतर विल्यम्स संघाच्या गाडीत बसला. पंधरा मोसम, १३ विजय, २००१ मध्ये शूमाकरच्या मागे दुसरा. कारकिर्दीच्या शेवटी तो रेड बुलकडे गेला आणि तिथे त्याला मार्केटिंगची खरी दीक्षा मिळाली. २००६ च्या मोनाकोत तो तिसरा आला. रेड बुलचा तो पहिलावहिला पोडियम, म्हणजे पहिल्या तिघांतली जागा. त्या आठवड्यात संघ सुपरमॅनच्या नव्या सिनेमाची जाहिरात करत होता, तेव्हा कूलथर्ड राजघराण्यासमोर पोडियमवर उभा राहिला तो पाठीवर लाल झगा बांधून! मोनाकोच्या कडक शिष्टाचारात हे कोणी केलं नव्हतं. शर्यत अलोन्सोने जिंकली, आणि आठवतो मात्र तो झगा. २००८ मध्ये ब्राझीलच्या शेवटच्या शर्यतीत त्याची गाडी पाठीच्या कण्याच्या दुखापतींवर संशोधन करणाऱ्या ‘विंग्ज फॉर लाइफ’ या संस्थेच्या पांढऱ्या रंगात होती. पहिल्याच वळणांत शर्यत संपली, पण संस्थेचं नाव जगभर गेलं.

पुढच्याच मोसमात, २००९ मध्ये, तो बीबीसीवर दिसू लागला. २०१० मध्ये सूत्रसंचालक जेक हम्फ्री आणि निर्माते सुनील पटेल यांच्यासोबत त्याने व्हिस्पर ही निर्मिती कंपनी काढली. २०१६ मध्ये चॅनल फोरकडे ब्रिटनमधले फॉर्म्युला वनचे हक्क आले तेव्हा कार्यक्रम बनवण्याचं काम व्हिस्परलाच मिळालं. म्हणजे कॅमेऱ्यासमोरचा माणूस कॅमेऱ्यामागचा मालकही झाला.

आणि गाडीही सुटली नाही. १२ मार्च २०२३ ला वांद्र्याच्या बँडस्टँडवर रेड बुलची आरबी-सेव्हन धावली तेव्हा आत कूलथर्डच होता. २०११ मध्ये विश्वविजेती ठरलेली ती व्ही-एट गाडी. समुद्राकडेला एका हाकेच्या अंतरावर टायरचा धूर आणि ती किंचाळी. मुंबईतल्या हजारो लोकांनी फॉर्म्युला वन गाडीचा आवाज त्या दिवशी पहिल्यांदा प्रत्यक्ष ऐकला. गाड्या रस्त्यावर फिरवून दाखवणं हेसुद्धा एक काम आहे, आणि ते निवृत्त ड्रायव्हरलाच नीट जमतं. गर्दीच्या इतक्या जवळ गाडी गोल फिरवायला हात बसलेला लागतो, आणि उतरल्यावर तासभर हसतमुखाने लोकांशी बोलावं लागतं.

आपल्याकडे या वाटेवर आधी चाललेले म्हणजे सुनील गावस्कर. कॉमेंट्री तर सगळ्यांनी ऐकलीच. पण पीएमजी ही स्पोर्ट्स मार्केटिंग कंपनीही त्यांनी सुमेध शहा यांच्यासोबत मुंबईत खूप आधी उभी केली होती.

कॉमेंट्री बॉक्समध्ये काम कसं चालतं?

साधारण दोन माणसं. मुख्य समालोचक ‘काय’ घडतंय ते सांगतो, ड्रायव्हर असलेला ‘का’ ते सांगतो. समोर थेट चित्र, टायमिंगचे पडदे, गाड्यांच्या आतले कॅमेरे, संघांचा रेडिओ. कानात निर्माता बोलत असतो: दहा सेकंदांत जाहिरात, पुढे पिट-स्टॉपचा रीप्ले, अमुकचं नाव चुकलं. हे सगळं ऐकत असताना स्वतःचं वाक्य तुटू द्यायचं नाही.

मूळ चित्र वाहिनीचं नसतं. फॉर्म्युला वनची स्वतःची यंत्रणा ते तयार करते आणि तिचं केंद्र इंग्लंडमध्ये बिगिन हिलला आहे. त्यामुळे समालोचकाला पुढे काय दिसणार हे बहुतेक वेळा तुमच्याइतकंच कळतं. रीप्ले आला की तीन सेकंदांत मत बनवायचं.

वॉकर आणि हंट यांना बीबीसीने दोघांत मिळून एकच मायक्रोफोन दिला होता, एकमेकांवर बोलू नये म्हणून. आज प्रत्येकाला वेगळा मिळतो. थांबायचं कधी, ते मात्र आपलं आपणच शिकावं लागतं. मला विचाराल तर नव्या ड्रायव्हर-समालोचकांची सगळ्यात मोठी खोड हीच. त्यांना शांतता सहन होत नाही.

ड्रायव्हरला असं काय दिसतं जे आपल्याला दिसत नाही?

हात. आपण गाडी बघतो, तो स्टिअरिंगवरचे हात बघतो.

१८ जुलै २०२१, सिल्व्हरस्टोन, पहिला लॅप. कॉप्स या उजव्या वळणावर हॅमिल्टन आतून, व्हर्स्टापन बाहेरून. धक्का लागला आणि व्हर्स्टापन टायरच्या भिंतीत. घरोघरी भांडण एकच: कोणी ढकललं? रेसरने पाहिलं ते वेगळं. आतली गाडी वळणाच्या आतल्या टोकाला, म्हणजे एपेक्सला, पोचली का? नाही पोचली, आत जागा शिल्लक असताना ती बाहेर सरकली. बाहेरच्या गाडीचं नाक शेजारी होतं की मागे? बाहेरच्याने स्टिअरिंग आत कधी वळवलं? या तीन गोष्टी क्रमाने पाहिल्या की हॅमिल्टनला दिलेली १० सेकंदांची शिक्षा कुठून आली ते कळतं. ती पुरेशी होती का, यावर तरीही वाद घालता येतो, पण निदान वाद नेमक्या मुद्द्यावर होतो.

चंडोक स्कायवर मोठ्या टचस्क्रीनसमोर उभा राहून हेच करतो. दोन ड्रायव्हरांचे पात्रता फेरीतले लॅप शेजारी शेजारी लावतो आणि एका जागी थांबवतो. एक जण अजून ब्रेकवर, दुसऱ्याने पाय उचललाय. वळणाच्या मध्यात एकाचे हात स्थिर, दुसऱ्याचे दुरुस्त्या करतायत. पुढच्या सरळ भागावर ज्याने ॲक्सिलरेटर आधी दाबला तो पुढे. तीस सेकंदांचं हे स्पष्टीकरण तयार करायला सकाळभर चित्रफिती पाहाव्या लागतात. त्याला मिळालेला मान त्या गृहपाठाचा आहे, ११ शर्यतींचा नव्हे.

मित्रांवर, जुन्या संघांवर टीका करणं जमतं का? पक्षपात होतोच ना?

धोका खराच आहे. आयटीव्हीवर समालोचन करताना ब्रंडल कूलथर्डचा मॅनेजरही होता, आणि कूलथर्ड त्याच शर्यतींत धावत होता! ते लपवलेलं नव्हतं, तरी आज असं चालवून घेतलं जाईल असं वाटत नाही. कूलथर्डचं रेड बुलशी असलेलं नातं उघड आहे. चंडोक विल्यम्सच्या जुन्या गाड्या चालवतो. २०१७ मध्ये सिल्व्हरस्टोनला संघाच्या ४० व्या वर्षानिमित्त नायजेल मॅन्सेल या जुन्या विल्यम्स ड्रायव्हरची एफडब्ल्यू-१४-बी गाडी त्याने चालवली होती.

हितसंबंध माहीत असले की प्रेक्षक मनातल्या मनात वजाबाकी करतो. माहीत नसले तर फसतो. म्हणून ते उघड असायलाच हवेत आणि वाहिन्यांनी ते आणखी स्पष्ट सांगायला हवेत, असं मला वाटतं.

महिला ड्रायव्हरांना ही वाट खुली आहे का?

आहे आणि रुंद होते आहे. सूझी वूल्फ डीटीएम या जर्मन कार शर्यतींच्या मालिकेत धावल्या, २०१४ मध्ये सिल्व्हरस्टोनला विल्यम्सच्या गाडीतून सराव सत्रात उतरल्या, नंतर चॅनल फोरवर विश्लेषक झाल्या, फॉर्म्युला ईमध्ये व्हेंचुरी संघ चालवला आणि २०२३ पासून एफ-वन अकॅडमी या महिलांच्या मालिकेच्या प्रमुख आहेत. तिथे त्यांचं मोठं काम पुन्हा मार्केटिंगचंच. फॉर्म्युला वनच्या तेव्हाच्या दहाही संघांचे रंग त्या मालिकेतल्या गाड्यांवर आणणं सोपं नव्हतं. नाओमी शिफ आणि डॅनिका पॅट्रिक स्कायवर दिसल्या.

पुण्याची डायना पुंडोले हिने २०२४ मध्ये एमआरएफ सलून गटात राष्ट्रीय विजेतेपद मिळवलं. असं करणारी ती पहिली भारतीय महिला. तिचा आवाज समालोचनातही ऐकायला मिळावा अशी माझी मनापासून इच्छा आहे.

भारतात, विशेषतः महाराष्ट्रात, यात काम आहे का?

आहे, पण फॉर्म्युला वनच्या नावाखाली शोधू नका. ग्रेटर नोएडातल्या बुद्ध सर्किटवर ग्रां प्री झाली ती २०११ ते २०१३ एवढीच. काम आहे ते इथल्या मालिकांत. आदित्य पटेल आणि अरमान इब्राहिम या दोन रेसरांनी २०१९ मध्ये एक्स-वन रेसिंग लीग सुरू केली. ड्रायव्हरांनीच शर्यतीचे आयोजक होण्याचं हे आपल्याकडचं ठळक उदाहरण. नंतरच्या इंडियन रेसिंग लीगमध्ये गोवा एसेस नावाचा संघही आहे. जानेवारी २०२४ मध्ये पुण्यात बालेवाडीला इंडियन सुपरक्रॉस लीगची पहिली फेरी झाली. नाशिकला रॅलीची जुनी परंपरा आहे, कोल्हापूरजवळ मोहिते रेसिंगचा ट्रॅक आहे. या प्रत्येक ठिकाणी निवेदक लागतो, प्रायोजकांशी बोलणारा लागतो, चित्रफिती करणारा लागतो. ब्रिटिश फॉर्म्युला थ्रीमध्ये धावलेला कोल्हापूरचा कृष्णराज महाडिक यूट्यूबवर लोकप्रिय झाला, तोही याच वाटेचा एक फाटा.

पैसा देणाऱ्या कंपन्याही लांब नाहीत. फॉर्म्युला ईमध्ये महिंद्राचा संघ पहिल्या मोसमापासून आहे आणि जॅग्वारच्या संघावर टीसीएसचं नाव आहे. दोघांची मुख्यालयं मुंबईत. फॉर्म्युला वन भारतात दाखवणारं फॅनकोडही मुंबईचंच.

मराठीत मोटरस्पोर्टचं समालोचन होऊ शकतं का?

का नाही? २०२३ च्या आयपीएलमध्ये जिओसिनेमावर मराठी समालोचन झालं आणि लोकांनी ते आवडीने ऐकलं. टायर, ब्रेक, ओव्हरटेक हे शब्द आपण रोज वापरतोच, त्यांच्यासाठी जड प्रतिशब्द घडवत बसायची गरज नाही. ‘आतून घुसला’, ‘दाबून धरला’, ‘टायर बसले’ हे गॅरेजवाल्याचं मराठी शर्यतीला अगदी चपखल बसतं. अडचण भाषेची नाही, गाडी चालवलेला आणि मराठीत सलग बोलू शकणारा माणूस माइकपाशी बसवण्याची आहे.

एकदा माइक धरला की रेसिंग संपलं असं समजायचं?

नाही. बीबीसीवर असतानाच कूलथर्ड २०१० ते २०१२ मर्सिडीजकडून डीटीएममध्ये धावत होता. ब्रंडल २०१२ मध्ये, स्कायच्या पहिल्याच वर्षी, मुलगा ॲलेक्ससोबत ल मान्सला उतरला. क्रिकेटमध्ये तर आपला केदार जाधव २०२३ ला मराठी कॉमेंट्री करता करता बंगळूरच्या संघात गेला!

सगळ्याच ड्रायव्हरांना हे जमतं?

नाही आणि जमायलाच हवं असंही नाही. भारताचा पहिला फॉर्म्युला वन ड्रायव्हर नारायण कार्तिकेयन याने वापरलेल्या दुचाकींचा ड्राइव्हएक्स हा व्यवसाय काढला. काही जण प्रशिक्षक होतात, काही इंजिनिअरिंगकडे वळतात. ज्याला लोकांची संगत नकोशी होते त्याने मार्केटिंगच्या वाटेला जाऊ नये. तिथे शर्यतीच्या सकाळी नऊपासून पाहुण्यांशी हसत बोलावं लागतं.

माझी मुलगी कार्टिंग करते. आतापासून काय करावं?

शाळा सोडू नका, हे पहिलं. मग दर शर्यतीनंतर प्रायोजकाला, तो शेजारचा टायरवाला असला तरी, एका पानाचा अहवाल तिने स्वतः लिहून पाठवावा: कितवी आले, काय चुकलं, तुमचं नाव कुठे दिसलं, पुढची शर्यत कधी. पैसे मिळाल्यानंतर गप्प बसणाऱ्या ड्रायव्हरला दुसऱ्या वर्षी कोणी विचारत नाही. आई-वडिलांनी तिच्या वतीने बोलणं लवकर थांबवावं. हरल्यावरही कॅमेऱ्यासमोर दोन वाक्यं नीट बोलायची सवय लावा. ‘गाडी खराब होती’ हे त्यातलं एक वाक्य नसावं.

घरी कॉमेंट्रीचा सराव कसा करायचा?

जुनी शर्यत लावा, आवाज बंद करा आणि पहिले पाच लॅप बोलून मोबाइलवर रेकॉर्ड करा. ऐकताना दोनच गोष्टी तपासा: जे पडद्यावर दिसतंच आहे ते किती वेळा सांगितलं, आणि ‘का’ किती वेळा सांगितलं. मग तेच पाच लॅप पुन्हा बोला. या वेळी निम्मे शब्द वापरा. त्यानंतर मूळ समालोचन सुरू करून बघा, ब्रंडल नेमका कुठे गप्प बसलाय.